फुगलेलं गीतपुस्तक

आमच्या ख्रिस्ती मंडळीत पाळक पगारावर ठेवत नाहीत. तो आमच्यातूनच निघतो, आणि कोण निघणार ते चिठ्ठी ठरवते. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. हसू दे. मी त्याच मंडळीत जन्मले, तिथंच माझं लग्न लागलं, आणि पन्नाशी उलटेपर्यंत मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

पद्धत अशी. जुने पाळक वारले की एका रविवारी उपासना संपल्यावर सगळे सभासद एकेक करून प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत जातात. तिथं मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडिलांपैकी सर्वांत वयस्कर बसलेले असतात. आमच्या वेळी जे होते त्यांना लहानमोठे सगळे थोरले म्हणत. त्यांच्या कानात एक नाव सांगायचं आणि गप्प बाहेर यायचं. ज्याचं नाव पाचजणांनी घेतलं तो उमेदवार. मग जितके उमेदवार तितकी गीतपुस्तकं टेबलावर मांडतात, अगदी एकसारखी, आणि त्यातल्या एकात एक जुनं जाड कार्ड ठेवलेलं असतं. वयाने मोठा तो आधी उचलतो. कार्ड ज्याच्याकडे निघेल तो मरेपर्यंत पाळक. पोटासाठी आपापलं काम करायचंच, आणि त्यावर रविवारचा संदेश, आजाऱ्यांच्या भेटी, लग्नं, मयती, नवराबायकोंची भांडणं. पैसा नाही, सुट्टी नाही, गाव सोडून जाणं नाही. उचलणारा हात माणसाचा असला तरी कुठल्या पुस्तकावर पडायचं ते देव ठरवतो, असा आमचा विश्वास. उमेदवाराला आधी उभं राहून 'मी नाही' म्हणता येतं, पण ते नुसतं नियमात. तसं म्हणणारा अजून कोणी जन्माला यायचा आहे.

आमचे हे बाइंडर. प्रार्थनाघराच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान होतं, आणि दुकानावर दोन खोल्या. कापणं, पुठ्ठे चढवणं, पाठीवर नाव उमटवणं हे काम ह्यांचं. शिवण माझी. पानांच्या घड्या घालून जुज करायचे, सुईत मेण लावलेला दोरा घ्यायचा आणि एकेक जुज मागच्याला गाठत जायचं. तीस वर्षं मी हेच केलं. माझी शिवण ढिली आहे असं म्हणणारा माणूस मला भेटायचा आहे.

जुने पाळक वारले तेव्हा आम्ही गाव सोडायच्या बेतात होतो. बेतात म्हणजे अगदी ठरलेलंच. आमची एकुलती लेक दूरच्या शहरात, गाडीने पोचायला एक अख्खा दिवस. तिचं दोनदा पोटातच गेलं होतं. तिसऱ्यांदा पाचवा महिना पार पडला तेव्हा तिने फोनवर एवढंच म्हटलं, "आई, या वेळी तू इथं हवीस. पाहुणी म्हणून नको, कायमची." तिच्या घराजवळ एक खोली बघून झाली. दुकान शेजारचा शिक्के बनवणारा घेणार होता. मी चादरी, भांडी, सुया सगळं खोक्यांत भरायला काढलं होतं. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं शिवली, आता नातवाचं अंगडं शिवेन, असं मी बाजारात भेटेल त्याला सांगत सुटले होते. लोक मला टाळायला लागले असतील.

आणि पाचजणांनी ह्यांचं नाव घेतलं.

आम्ही जाणार हे मंडळीत कुणाला माहीत नव्हतं असं नाही. पण माणसं अशी विचित्र असतात की जो हातचा जायला निघालाय तोच त्यांना आठवतो. उमेदवार तीन निघाले. वयाने सगळ्यात मोठे आमचे हे. मग गवंडी. तिसरे शाळेतले मास्तर. मास्तरांना पाळक व्हायची हौस होती आणि ती लपत नव्हती. गेलं वर्षभर ते प्रार्थना सांगताना आवाज खाली आणून बोलत. गवंडी मात्र नाव ऐकून पांढराफटक पडला. त्याची बायको जिन्यावरून पडून कमरेखाली लुळी झाली होती, दोन मुली शाळेत जाणाऱ्या. सकाळी स्वयंपाक करून तो कामावर जायचा आणि संध्याकाळी पुन्हा चुलीशी.

"उभं राहा आणि नाही म्हणा," मी ह्यांना त्याच दिवशी सांगितलं.

"तिघांत एक. माझंच कशावरून निघेल?"

"आणि निघालं तर?"

"निघालं तर देवाची इच्छा."

"देवाला तुमचा पत्ता दिलाय कोणी? उभं राहा म्हणते मी."

"अगं, नाव घेतलं लोकांनी. विश्वासाने घेतलं. तोंडावर फेकू का त्यांच्या?"

माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्या दिवशी मी चिडले नाही, घाबरले. हे हट्टी नाहीत. साधे आहेत, आणि साध्या माणसाला हलवणं महाकठीण.

दोन दिवसांनी थोरले स्वतः दुकानात आले. बगलेत फडक्यात बांधलेली तीन गीतपुस्तकं. चिठ्ठीसाठी मंडळीत वेगळी पुस्तकं ठेवलेली असतात आणि ती एरवी कोणी उघडत नाही. याआधी ती बावीस वर्षांपूर्वी निघाली होती. त्यामुळे त्यांना कसर लागलेली, पाठी सुटलेल्या, एकाचं तर पुठ्ठ्याचं कोपरंच गायब. थोरल्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण बोटांनी चाचपून त्यांना ते समजलं होतं. टेबलावर तिन्ही एकसारखी दिसायला हवीत, नाहीतर मनात शंका राहते, असं ते म्हणाले. ह्यांनी हात पुढे केला तसा थोरल्यांनी फडक्याचा गठ्ठा मागे घेतला.

"तुम्ही नाही. तुम्ही उमेदवार. तुमचा हात लागायला नको." आणि गठ्ठा माझ्या पुढ्यात ठेवला. "तुम्ही करा, बाई."

आता बघा. उमेदवाराला पुस्तकांपासून लांब ठेवायचं एवढं त्यांना सुचलं, आणि पुस्तकं त्याच्या बायकोच्या मांडीवर दिली. मंडळीत दुसरा बाइंडर नव्हता हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. या सगळ्या मामल्यात बायकोला काही हवंनको असेल हे त्यांच्या गावीही नव्हतं. चांगला माणूस, मनाने निर्मळ, पण ही चूक आमच्याच मंडळीतला माणूस करू जाणे.

मी पुस्तकं उसवली. जुनी शिवण ढिली होती, आणि ती ढिलीच ठेवायची असते. कार्ड जाड, जवळजवळ पुठ्ठ्यासारखं. ते मधल्या पानांत ठेवलं तरी पुस्तकाने ते पोटात घ्यावं म्हणून शिवणीत जागा सोडतात. माझ्या सासूबाईंनी मला हे शिकवलं होतं. मी जागा सोडली नाही. एकेक जुज असा आवळला की दोरा पानांत रुतला. पाठीला खळ लावून तिन्ही पुस्तकं दाबायच्या शिकंज्यात घातली आणि दोन दिवस काढली नाहीत. बाहेर आली तेव्हा तिन्ही विटेसारखी घट्ट, सपाट. त्यातल्या एकात मी आमच्याकडचा तसाच जाड तुकडा घालून बघितला. पुढच्या कडेला पुठ्ठा केसभर उचलला गेला. तुम्हाला दिसला नसता. थोरल्यांना तर शक्यच नव्हतं. बाइंडरला मात्र दाराशी उभं राहून दिसला असता.

हे करताना मला पापाची भीती वाटली का? वाटली. पण लेकीचा आवाज माझ्या कानात होता, आणि मी देवाला सांगितलं की तुझं काम तू कर, मी फक्त ह्यांना सोडवतेय. ह्यांच्या हातून सुटलेलं कार्ड कुणाच्या हाती जाईल याचा मी विचारच केला नाही. खोटं कशाला सांगू, एकदाही केला नाही.

चिठ्ठीच्या रविवारी सकाळी हे बूट घालत होते तेव्हा मी सांगितलं. "तिन्ही आवळून शिवलीत. कार्ड असेल त्याचा पुठ्ठा उचललेला दिसेल. ते सोडून दुसरं कुठलंही उचला."

ह्यांचे हात बुटाच्या नाडीवर थांबले. माझ्याकडे बघितलं. मग गाठ मारली, उठले आणि टोपी घेतली. एक अक्षर बोलले नाहीत. गप्प बसले म्हणजे ऐकलं, असा माझा तीस वर्षांचा अनुभव. माझा जीव भांड्यात पडला.

प्रार्थनाघर खच्चून भरलं होतं. टेबलावर पांढरं कापड, त्यावर तीन पुस्तकं आडवी. थोरल्यांनी मागच्या खोलीत कार्ड घातलं होतं आणि दुसऱ्या एका वडिलांनी डोळे मिटून पुस्तकांची जागा बदलली होती. मी बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर. तिथूनही मला दिसलं. मधलं. मधलं पुस्तक फुगलं होतं, आणि मला ते इतकं ढळढळीत दिसत होतं की आजूबाजूच्या बायकांना कसं दिसत नाही याचंच नवल वाटलं.

थोरल्यांनी प्रार्थना केली. आपलं काही नसो, तुझं असो, या अर्थाची. मग ह्यांना खूण केली.

हे टेबलापाशी गेले. हात मागे बांधून उभे राहिले, दुकानात तयार माल तपासतात तसे. डावीकडच्या पुस्तकाकडे बघितलं. उजवीकडच्याकडे बघितलं. मग मान वळवून पहिल्या बाकावर बसलेल्या गवंड्याकडे बघितलं. गवंड्याच्या सदऱ्याला वरचं बटण नव्हतं आणि तो गुडघ्यावरचे हात एकमेकांत आवळून बसला होता. मला वाटलं, आता उजवं उचलतील. उजवं जवळ होतं.

ह्यांनी मधलं उचललं.

पुढचं मला नीट आठवत नाही. थोरल्यांनी पानं चाळली, कार्ड वर धरलं, सगळे उभे राहिले, गीत सुरू झालं. मास्तर मोठ्याने गात होते, त्यांचा चेहरा पडला होता तरी. गवंडी गात नव्हता. तो रडत होता.

घरी आल्यावर मी दार लावलं. "दिसलं नाही का तुम्हाला?"

"दिसलं."

"मग?"

हे खाटेवर बसले. बूट काढले नाहीत. "तू सांगितलं नसतंस तर मी डोळे मिटून जवळचं उचललं असतं. निघालं असतं तर निघालं असतं, नाहीतर सुटलो असतो. पण तू सांगितलंस. मग मला दिसत होतं. दिसत असताना ते बाजूला ठेवायचं म्हणजे ते मागच्या दोघांकडे सरकवायचं. माझ्या हाताने."

"मास्तरांना हवंच होतं की!"

"पुढचा नंबर मास्तरांचा नव्हता. गवंड्याचा होता. आणि मास्तरांना देणारा तरी मी कोण?"

"आणि तुम्हाला उचलायला कोणी सांगितलं? देवाने? ही देवाची इच्छा नाही, ऐकताय ना? ही माझी शिवण आहे!"

"असेल," हे म्हणाले. "मला देवाची इच्छा कळली असं मी म्हणत नाही. मला तिघांतला एक वाचवता येत होता, आणि तो मी स्वतः होतो. ते जमलं नाही."

"आणि माझ्या अंगावर टाकलंत त्याचं काय? लेकीच्या अंगावर? आम्हाला विचारलंत?"

नाही विचारलं, असं हे म्हणाले. चुकलं, असंही म्हणाले. मला आणखी राग आला. माणसाने भांडताना चूक कबूल केली की समोरच्याने काय करायचं?

तो आठवडा मी ह्यांच्याशी बोलले नाही. जेवण वाढलं, कामाचं तेवढं विचारलं. शिवताना डोक्यात एकच चालायचं. लहानपणापासून संदेशात ऐकलं होतं की प्रभूकडून कोणी जीव हिसकावून घेतला नाही, त्याने आपणहून दिला. आणि मुलाला अर्पण करायला डोंगरावर घेऊन निघालेल्या त्या म्हाताऱ्या बापाचं ऐकलं होतं. पहाटे उठला, लाकडं फोडली, मुलाला घेऊन निघाला. घरी त्या मुलाची आई होती. ती उठली तेव्हा अंथरूण रिकामं होतं, याच्यावर मी आयुष्यात एकही संदेश ऐकला नव्हता. पुरुष वेदीकडे निघतो आणि सगळे त्याच्या धीराचं कौतुक करतात. लाकडं घरची असतात, मुलगाही घरचाच असतो. हे मी मोठ्याने म्हणाले असते तर बायकांनी माझ्यासाठी उपास धरला असता.

बुधवारी लेकीचा फोन आला. आई, तुझ्या खोलीला पडदे कुठल्या रंगाचे घेऊ, असं विचारत होती. मी म्हटलं, तुला आवडतील ते घे. फोन ठेवल्यावर मी ठरवलं की थोरल्यांकडे जायचं आणि सगळं सांगायचं. पुस्तकं खोटी शिवली, चिठ्ठी बाद, पुन्हा काढा. माझी मंडळीत छी थू होईल, होऊ दे. ह्यांचीही होईल, कारण ह्यांना माहीत होतं. तीही होऊ दे. अशा बाइंडरचं नाव पुन्हा कोण घेणार होतं? पुढच्या रविवारी ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून दीक्षा व्हायची होती. त्याआधीच सांगायला हवं होतं.

गुरुवारी दुपारी निघाले. थोरल्यांच्या घराच्या वाटेवर गवंड्याचं घर लागतं. रस्त्याला लागूनच खिडकी, खिडकीशी तिची खाट. मी मान खाली घालून जात होते, तरी तिने हाक मारलीच.

"वहिनी, जरा आत येता का? शेजारच्या आज आल्याच नाहीत."

मी आत गेले. ती सकाळी दहापासून थांबली होती. नवरा कामावर, मुली शाळेत. मी खाटेखालचं भांडं घेतलं, तिला कुशीवर केलं, सगळं उरकलं, पुसलं, चादर बदलली. तिच्या पाठीला दोन ठिकाणी जखमा होत्या. त्यावर लावायचं औषध कुठं आहे ते तिने सांगितलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. वयाने माझ्या लेकीहून चारपाच वर्षांनीच मोठी असेल.

मी भांडं धुऊन पालथं घातलं तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, एक बोलू? चिठ्ठीच्या दिवशी मी सकाळपासून देवाशी भांडत होते. त्याला म्हटलं, माझे पाय घेतलेस, ठीक आहे, पण आता ह्यांच्या संध्याकाळी घेऊ नकोस. ह्यांच्या संध्याकाळी म्हणजेच माझ्या पोरींचं जेवण. देवाने ऐकलं हो."

मी हात पुसत राहिले.

"आणि मग कळलं की तुमच्याकडे गेलं. तुम्ही लेकीकडे जाणार होतात ना?" तिने चादरीचं टोक डोळ्यांना लावलं. "तेव्हापासून वाटतंय, मीच तुमच्यावर ढकललं. माझ्या प्रार्थनेनेच."

या घरात मी तिला हसवायला आले नव्हते, खरं सांगायलाही आले नव्हते. मी तर ते कार्ड परत तिच्या उशाशी ठेवायला निघाले होते. पुन्हा चिठ्ठी काढली की मास्तर आणि गवंडी, दोघांतला एक. दुकानात बसून हिशेब सोपा होता. इथं चादरीचा वास होता.

"तू कोण ढकलणारी?" मी म्हटलं. "ज्याने उचललं त्याने उचललं. रडू नकोस, नाक चोंदेल आणि मलाच पुसावं लागेल."

ती रडतारडता हसली. मुली येईपर्यंत मी थांबले. त्यांना काहीबाही खायला करून दिलं. थोरल्यांचं घर तिथून चार घरं पुढे. मी बाहेर पडले, तिथं क्षणभर उभी राहिले आणि आमच्या गल्लीकडे वळले.

घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, "थोरल्यांना सांगायला निघाले होते. नाही सांगितलं."

हे कात्री खाली ठेवून बसले. "मीही दोनदा अर्ध्या वाटेवरून परत आलो. सांगितलं की पुन्हा काढणार. मग सगळं फुकट. पण न सांगता त्या टेबलामागे उभं राहायचं, आणि लोकांनी समजायचं की देवाने..." ह्यांनी कात्री उचलून परत खाली ठेवली. मग म्हणाले, "ते माझ्याकडे राहू दे. तुझ्याकडे लेकीचं आहे, तेवढं पुरे."

आठवड्यात पहिल्यांदा मला त्यांची दया आली. हे खोटं बोलू शकत नाहीत. गिऱ्हाईकाला पुस्तक उद्या मिळेल सांगून परवा दिलं तर दिवसभर जेवत नाहीत. आता जन्मभर दर रविवारी हे गिळून उभं राहायचं होतं.

दीक्षेच्या दिवशी पाळकाला सात प्रश्न विचारतात. त्याच्या आधी एक प्रश्न त्याच्या बायकोला. मला वाटतं, कुणा जुन्या वडिलांना निदान लाज तरी वाटली असेल. बायको बाकावरून उठून पुढे येते. थोरले विचारतात, तू आपला नवरा या सेवेसाठी खुशीने देतेस का? तिने मान खाली घालून होकार भरायचा आणि जागेवर जायचं. तोंडाने उत्तर द्यायची पद्धत नाही. मी तीन पाळकांच्या बायका बघितल्या, तिघींच्या नुसत्या माना हलल्या.

मीही मानच हलवणार होते. शपथेवर सांगते, घरून तसंच ठरवून निघाले होते. पुढे जाऊन उभी राहिले. थोरल्यांनी विचारलं. मी मान खाली घातली, आणि ती हलेना.

"खुशीने नाही," मी म्हणाले.

मागे कुणाच्या तरी हातून पुस्तक पडलं. थोरल्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं, पण त्यांना माझा नुसता आकार दिसत असणार.

"मग काय म्हणणं आहे, बाई?"

"माझी लेक तिकडे माझी वाट बघतेय. तिने माझ्यासाठी पडदे घेतलेत. मला तिकडे जायचंय. आजही जायचंय. मला खुशी नाही, आणि मी देवासमोर आहे म्हणणार नाही. पण देते. ह्यांना देते आणि मीही राहते. समजून उमजून देते. चालत असेल तर लिहून घ्या."

हे माझ्या डाव्या हाताला उभे होते. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

थोरले हळू म्हणाले, "मरणाआधीच्या रात्री बागेत प्रभूनेही आधी विचारलंच होतं, हे टळेल का म्हणून." आणि मंडळीची वही लिहिणाऱ्या वडिलांकडे वळून म्हणाले, "लिहा. देते."

लेकीला मी त्याच दुपारी फोन केला. ती म्हणाली, "बाबांनी नाही म्हणायला हवं होतं." मी म्हटलं, मला विचारलं गं, आणि मी हो म्हटलं. त्यावर तिने फोन ठेवला. तीन आठवडे उचलला नाही. रागात ती माझ्यावरच गेलीय.

हे पाळक म्हणून बरे निघाले. संदेश फार चांगले देतात असं नाही, लांबण लावतात. पण माणूस मरायला टेकला की हे त्याच्या उशाशी असतात आणि घड्याळाकडे बघत नाहीत. देवाची इच्छा या विषयावर त्यांनी आजवर एकदाही संदेश दिलेला नाही. मास्तरांनी एकदा विचारलंही. हे म्हणाले, मला त्यातलं कळत नाही. मास्तरांना तो विनय वाटला.

मंडळीतल्या मयत बायकांना आंघोळ घालायचं, प्रभुभोजनाची भाकर करायचं आणि खाटेवरच्या माणसांचं बघायचं काम पाळकाच्या बायकोचं. दुकानही आता जास्त मीच बघते, नाहीतर खाणार काय? गवंड्याच्या बायकोकडे मी रोज दुपारी जायचे. ती पुढे दीड वर्षं जगली. मी हे सगळं आज सांगतेय ते ती गेली म्हणून, आणि थोरलेही गेले म्हणून. ह्यांना विचारून सांगतेय. हे म्हणाले, सांग, मलाही जरा हलकं वाटेल.

लेकीचं बाळंतपण सुखरूप झालं. मुलगा झाला. मी आठ दिवस गेले, नवव्या दिवशी परतले, कारण इकडे गवंड्याच्या बायकोच्या जखमा चिघळल्या होत्या आणि तिला दुसऱ्या कुणाचा हात सोसत नव्हता. त्यानंतर तिकडे जायला जमलं ते चौदा महिन्यांनी. लेकीने दार उघडलं. तिच्या कडेवर तो होता. मी हात पुढे केले तसं त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, ओठ काढले आणि तिच्या मानेत तोंड खुपसून असं भोकाड पसरलं की शेजारचं दार उघडलं. मी पिशवी खाली ठेवली आणि दोन पावलं मागे झाले.

"नवी माणसं बघितली की करतो असं," लेक म्हणाली. "दोन दिवसांत ओळखेल गं तुला."

मी दोन दिवसांसाठीच आले होते.